रावेरची पेट्रोल जीप घाटात फटाके का फोडत होती

गाडी माझ्या मामांची. महिंद्राची जुनी उंच बॉनेटवाली पेट्रोल जीप, सत्तरच्या दशकातली, सरकारी लिलावात घेतलेली, आणि आपल्याकडे बहुतेक जीपांना नंतर डिझेल इंजिन बसवून टाकलं तसं हिच्या बाबतीत झालं नाही, हिच्यात अजून मूळचं हरिकेन इंजिन आहे. रावेर तालुक्यात मामांची केळी तापीच्या बाजूला, आणि थोडी जमीन वर सातपुड्याच्या पायथ्याला, पालच्या रस्त्यावर, त्यामुळे गाडी रोज चालते, शोकेसची गाडी नाही ती. मी भुसावळला असतो, जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम करतो, म्हणून मे महिन्यात मामांचा फोन आला.

"अरे भो, थंडी असली का गाडी चांगली चालते, घाटाले लागली का फटाके सुरू. या इथेनॉलच्या पेट्रोलनं इंजिनचं वाटोळं केलं."

आधीचा इतिहास सांगतो कारण या प्रकरणात सगळी गोम त्यातच आहे. वर्षभरात गाडी वेगवेगळ्या गॅरेजला जाऊन आली होती. पहिली तक्रार होती टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या भागाच्या, आवाजाची, त्याचं काम झालं. मग ऑइलचं प्रेशर कमी दाखवतंय म्हणून ऑइल पंप काढून साफ करून परत लावला. त्यानंतर गाडीचं पिकअप गेलं, तापायला लागली, म्हणून रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारा भाग) काढून ठेवला. मग फटाके सुरू झाले म्हणून कार्बोरेटर नवा, प्लग नवे, कॉइल नवी, प्लग वायरी नव्या. एवढं सगळं करून गाडी होती तिथेच. खर्च किती झाला ते मामांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला पहिला प्रश्न विचारायचा होता तो एवढाच की फटाका वाजतो कुठून. वरून, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूने, का मागून सायलेन्सरमधून. हा प्रश्न एकाही गॅरेजमध्ये कोणी विचारला नव्हता आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण निम्मं निदान तिथेच होतं. कार्बोरेटरमधून उलटा फटका येतो म्हणजे सिलिंडरमधली आग इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूने मागे येतेय, एकतर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, किंवा व्हॉल्व्ह उघडा असताना स्पार्क पडतोय, किंवा हवा-पेट्रोलचं मिक्स्चर इतकं पातळ (पेट्रोल कमी) आहे की ते हळूहळू जळत राहतं आणि पुढचा इनटेक उघडेपर्यंत आत आग शिल्लक असते. सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो म्हणजे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पोचतंय आणि तिथे पेटतंय, त्याला कारण उशिरा पडणारा स्पार्क, मिसिंग मारणारा प्लग, जास्त रिच (पेट्रोल जास्त असलेलं) मिक्स्चर, किंवा एक्झॉस्टच्या जोडातून आत शिरणारी हवा. दोन्हीला लोक एकच नाव देतात, बॅकफायर, आणि मग इलाजही एकच करायला जातात.

मामांचा ड्रायव्हर जुना माणूस, त्याला गाडीची सगळी सवय. तो म्हणाला दोन्हीकडून वाजतो. चढावर पाय दाबला की वरून फट्ट, आणि उतारावर पाय सोडला की मागून धाडकन. आणि वरचा आवाज गाडी पूर्ण तापल्यावरच, मागचा मात्र थंड असतानाही कधीकधी. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकाच दोषाचा विचार राहिला नाही, दोन वेगळे दोष असणार हे धरूनच मी रावेरला गेलो.

इथेनॉलचं आधी सांगून टाकतो कारण मामा त्यावरच अडून बसले होते आणि त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. शुद्ध पेट्रोलला जळायला हवा लागते साधारण १४.७ ला १ या प्रमाणात, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला ते साडेतेरा ला १ च्या आसपास लागतं. आताच्या गाड्यांचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो, जुन्या कार्बोरेटरचा जेट मात्र ठरलेल्या भोकाचा, तो काही वाढवत नाही, त्यामुळे तेच इंजिन नव्या पेट्रोलवर सात-आठ टक्के पातळ चालतं. पातळ मिक्स्चरमुळे वरचा फटका वाढू शकतो हे खरं. शिवाय जुने रबरी पाइप फुगतात, मऊ होतात, ते बदलायलाच पाहिजेत आणि आम्ही बदलले. पण इथेनॉल चारही सिलिंडरला सारखंच मिळतं. मामांच्या गाडीत फटका सारखा नव्हता, त्यात एक ताल होता, आणि ताल आहे म्हणजे एखादा सिलिंडर वेगळा वागतोय.

दुसरा संशय सगळ्यांना असतो तो उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, पाइप गरम, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पण तशी बंद पडणारी गाडी पेट्रोल संपल्यासारखी हळूहळू मरते, पाय दाबला तरी उठत नाही, थोडा वेळ सावलीत ठेवली की परत चालू. ती खणखणीत फटका मारत नाही. आणि या पंपाला काचेची वाटी असते, तिच्यात दिसतं. गाडी तापवून फटका वाजत असताना बघितलं, वाटी भरलेली, पेट्रोल स्वच्छ, बुडबुडे नाहीत. म्हणजे वाफेचा विषय तिथे संपला.

आता या इंजिनाबद्दल थोडं सांगावं लागेल कारण नाहीतर पुढचं कळणार नाही. विलिज या अमेरिकन कंपनीने १९५३ मध्ये सीजे-३बी, म्हणजे या उंच बॉनेटवाल्या जीपचं मूळ मॉडेल, आणली ती या इंजिनासाठीच, इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच. २१९९ सीसी, चार सिलिंडर. याची गंमत अशी की इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. इनटेकचा मॅनिफोल्ड (मिक्स्चर सिलिंडरांकडे नेणारी नळी) वेगळा नाहीच, तो हेडमध्येच ओतलेला आहे, कार्बोरेटर सरळ हेडवर बसतो. म्हणजे इनटेकच्या बाजूने हवा चोरण्याच्या जागा फार कमी, कार्बोरेटरखालची पॅकिंग, व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमवर चालणारं काही जोडलेलं असेल तर त्याचा पाइप. एवढं तपासायला वेळ लागत नाही, कार्बोरेटरच्या बुडाशी थोडं थोडं ऑइल सोडून बघितलं, आवाजात फरक नाही, ते झालं.

आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे एक्झॉस्टची बरीच उष्णता ब्लॉकच्या पाण्यात जाते. म्हणून या इंजिनात स्पार्क उशिरा पडत असेल तर इंजिन दुसऱ्या इंजिनांपेक्षा लवकर तापतं. रेडिएटर कितीही साफ करा, उपयोग नाही. मामांची गाडी तापते हे ऐकल्यावरच टायमिंगचा, म्हणजे स्पार्क पडायच्या वेळेचा, संशय घ्यायला हवा होता कोणीतरी.

टायमिंग म्हणजे लोकांना डेल्को (डिस्ट्रिब्यूटर, प्रत्येक प्लगला त्याच्या वेळेला स्पार्क वाटून देणारा भाग) फिरवणं वाटतं. या इंजिनात टायमिंग म्हणजे एकाला एक जोडलेल्या भागांची लांबलचक साखळीच आहे. क्रँकवरून (पिस्टन फिरवतात तो दांडा) गिअरने कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरतो, त्या दोन गिअरच्या खुणा जुळल्या पाहिजेत. कॅमवरच्या तिरक्या दात्यांवरून ऑइल पंपाची दांडी फिरते. पंप इंजिनच्या डाव्या बाजूला बाहेरून लावलेला, आणि त्याची दांडी आरपार जाऊन उजव्या बाजूच्या डेल्कोला फिरवते. दांडीच्या टोकाला खाच आहे, डेल्कोच्या शाफ्टला जीभ आहे, आणि खाच मध्यावर नाही, एका बाजूला सरकवलेली आहे म्हणजे जीभ एकाच पद्धतीने बसते. मग डेल्कोत पॉइंट (ते उघडले की स्पार्क पडतो), रोटर (स्पार्क एकेका वायरीकडे वळवणारा फिरता तुकडा), कॅप, तिथून वायरी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, आणि रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. या साखळीत कुठेही एक कडी सरकली की पुढची प्रत्येक गोष्ट सरकते, आणि पुढचा माणूस वायरी हलवून ते झाकतो, मग त्याच्या पुढच्याला खरं काय ते दिसतच नाही.

म्हणून मी डेल्कोला हात लावायच्या आधी क्रँकपासून सुरू करतो. चारही प्लग काढले, एक नंबरच्या भोकावर ड्रायव्हरला बोट धरायला लावलं, पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवलं. बोटाला दाब लागायला लागला की कॉम्प्रेशन सुरू. मग पुलीवरची खूण पुढच्या झाकणावरच्या काट्याशी आणली. (काही इंजिनांत ही खूण फ्लायव्हीलवर असते, हाउसिंगच्या भोकातून बघायची.) खूण खरी बोलते का याची साक्ष चार नंबर देतो, एक नंबर कॉम्प्रेशनला वर असतो तेव्हा चार नंबरचा इनटेक नुकता उघडायला लागलेला असतो. रॉकर कव्हर काढलेलंच होतं, क्रँक थोडा मागेपुढे केला की चार नंबरचा रॉकर (वरून व्हॉल्व्ह दाबणारा भाग) त्याच खुणेच्या आसपास हलायला लागत होता. म्हणजे क्रँक आणि कॅमचे गिअर जागेवर. हँडल उलटसुलट हलवून कॅप काढलेल्या डेल्कोचा रोटर कधी हलायला लागतो तेही बघितलं, कारण या इंजिनांत बरेचदा कॅमचा गिअर फायबरचा असतो आणि दाते झिजले की क्रँक बराच फिरून जातो तरी रोटर जागचा हलत नाही. इथे मोकळीक होती पण काळजी करण्याएवढी नाही.

आता रोटर कुठे बघतोय ते बघितलं. एक नंबर कॉम्प्रेशनला वर, खूण टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ५ अंश आधी, तेव्हा रोटरने एक नंबरच्या टॉवरकडे (कॅपवर वायर बसते ती जागा) बघायला हवं आणि पॉइंट नुकते उघडत असायला हवेत. रोटर टॉवरच्या अलीकडे थांबलेला, पॉइंट अजून बंद. वायरी मूळच्या जागेवरून एक टॉवर सरकवलेल्या होत्या. डेल्कोची बॉडी शक्य तेवढी फिरवलेली, इतकी की तिच्या बाजूचं टर्मिनल ब्लॉकला टेकलेलं, रंग उडालेला दिसत होता त्या जागी. त्याच्यापुढे ती फिरूच शकत नव्हती. म्हणजे ऑइल पंप परत लावताना दाता चुकला, गाडी चालू होईना म्हणून वायरी एक घर सरकवल्या, उरलेला फरक डेल्को फिरवून भरायचा प्रयत्न केला आणि तो टर्मिनल आडवं आल्यामुळे अर्धवट राहिला.

किती अर्धवट ते टायमिंग लाइट (स्पार्क पडेल तेव्हा चमकणारा दिवा) लावून बघितलं. पुलीवर फक्त दोनच खुणा असतात म्हणून मी दोरी गुंडाळून पुलीचा परीघ मोजतो आणि ३६० ने भागतो, एक अंश म्हणजे किती ते मिळतं, आमच्या पुलीवर ते मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त होतं, मग खडूने बारीक रेघा. आयडलला स्पार्क पडत होता टीडीसीच्या ४ अंश नंतर. पाहिजे ५ अंश आधी. म्हणजे नऊ अंश उशीर, आणि एवढ्या उशिराने गाडी चढ कसा चढणार, ती तापणारच, आणि मागे सायलेन्सरमध्ये जळतं पेट्रोल जाणारच.

इथे एक सांगून ठेवतो, कोणी हँडल मारून हे करणार असेल तर अंगठा हँडलच्या त्याच बाजूला ठेवायचा जिकडे बाकीची बोटं आहेत, वेढा घालून धरायचं नाही. उशिराच्या टायमिंगला काही होत नाही पण कोणी डेल्को उलट्या बाजूला फिरवून टायमिंग फार आधी आणलं असेल तर इंजिन हँडल उलटं फेकतं आणि अंगठा मोडतो. आणि कार्बोरेटरमधून फटका मारणारी गाडी एअर क्लीनर काढून चालवायची नाही, क्लीनरच्या आतल्या जाळीमुळे ज्वाळा तिथेच विझते, मामांच्या गाडीचा क्लीनर काढून सीटखाली ठेवलेला होता, तो मी आधी लावायला लावला आणि ओलं पोतं जवळ ठेवलं.

सायलेन्सरचा फटाका समजला. पण वरचा? उशिराच्या टायमिंगने कार्बोरेटरमधून असा तालात फटका येत नाही, तोही फक्त गरम असताना. इथे थांबलो असतो आणि पंप सरळ करून गाडी देऊन टाकली असती तर मामा आठवड्यात परत फोन करणार होते.

गाडी पालच्या रस्त्यावर चढावर नेली, फटके सुरू झाल्यावर तिथेच सावलीत लावली, आणि इंजिन गरम असताना, थंड व्हायच्या आत, एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने काढून बघितली. एक, दोन, चार काढली की इंजिन लगेच बसतं. तीन नंबरची काढली तर जेमतेम फरक. मग प्लग काढून कॉम्प्रेशन. एक, दोन, चार ११० पीएसआयच्या आसपास, तीन नंबर ७०. हाच तीन नंबर सकाळी थंड इंजिनावर १०५ दाखवत होता. दोन चमचे ऑइल आत टाकून परत मोजलं, वाढलं नाही, म्हणजे रिंग नाही, व्हॉल्व्ह. कोणता ते कळायला पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप आणला (तोही गडी कुतूहलाने सोबत आला आणि शेवटपर्यंत थांबला), तीन नंबर कॉम्प्रेशनला वर आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली. सायलेन्सरला कान लावला, शांत. कार्बोरेटरच्या तोंडाशी कान लावला, स्पष्ट सूंऽऽ. इनटेक व्हॉल्व्ह.

रॉकर कव्हर उघडलं आणि तीन नंबरच्या रॉकरखाली फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) सगळ्यात पातळ पान जाईना. शून्य. गरम झाल्यावर तर व्हॉल्व्ह सीटवरून किंचित उचललेलाच राहत होता. बाकीच्या तिन्हींमध्येही फट पाहिजे त्यापेक्षा कमी होती. या इंजिनाला इनटेकची फट ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टची ०.०१६ इंच, दोन्ही थंड इंजिनावर. मामांनी आवाज येतो म्हणून तक्रार केली होती, गॅरेजने आवाज बंद करून दिला, टॅपेट टाइट करून. मामांना दाखवलं तर ते म्हणाले, "मंग टॅपेट वाजले तर वाजू द्यायचे का?" हो, थोडे वाजले पाहिजेत. या इंजिनाचे टॅपेट टिकटिक करतात, तो आवाज म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय याची खात्री आहे. हे मी मामांना दोनदा सांगितलं आणि जीपवाल्या प्रत्येकाला सांगतो, आवाज नको म्हणून टॅपेट कधीही टाइट करू देऊ नका.

आता दोन्ही दोष एकमेकांना कसे धरून होते ते बघा. टॅपेट टाइट झाल्यावर गाडी लगेच फटके मारत नव्हती, थोडी कमी ओढत असेल, कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पंपाचा दाता चुकला, टायमिंग उशिरा गेलं, इंजिन पहिल्यापेक्षा जास्त तापायला लागलं, जास्त तापल्यामुळे तीन नंबरची उरलीसुरली फटही संपली आणि व्हॉल्व्ह गरम असताना उघडा राहू लागला. म्हणून वरचा फटका पंपाच्या कामानंतर सुरू झाला आणि सगळ्यांना वाटलं की कार्बोरेटरच खराब. थर्मोस्टॅट काढल्याने तर आणखी गोंधळ, गाडी गरम व्हायला जास्त वेळ घ्यायची, म्हणून फटका कधी लवकर कधी उशिरा. काळजीने वापरलेल्या गाडीची अशी अवस्था बघून मला त्रास होतो, कारण या दोन्ही दोषांत एकही भाग खराब झालेला नव्हता, टॅपेट आणि पंप फक्त चुकीचे लावलेले होते.

दुरुस्ती. आधी इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं आणि सकाळी टॅपेट. इनटेकचे वरून सोपे आहेत. एक्झॉस्टचे ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड, मॅनिफोल्डच्या मागे, हात घालायला जागा कमी, त्यामुळेच बहुतेक गॅरेजवाले ते टाळतात, पण केले. तीन नंबरचा व्हॉल्व्ह जळलेला नसेल ना ही धास्ती होती, फट सोडल्यावर परत हवा भरून बघितली तर कार्बोरेटरमधला आवाज गेला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असता तर इतके महिने असा उघडा राहून नक्की जळाला असता, इनटेकवरून गार मिक्स्चर जातं म्हणून तो वाचला.

मग पंप. एक नंबर कॉम्प्रेशनला, खूण बरोबर ५ अंश आधी. डेल्को काढला. त्याच्या भोकातून टॉर्च मारली की आत पंपाच्या दांडीची खाच दिसते. डेल्को मूळच्या जागी, बॉडी मधोमध, रोटर एक नंबरच्या मूळच्या टॉवरकडे धरला तर त्याची जीभ कशी राहील ते बघून खाच तशी यायला हवी. पंपाचे बोल्ट सोडून पंप बाहेर ओढला, दांडी फिरवून परत आत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची, गिअरचे दाते तिरके आहेत म्हणून पंप आत सरकताना दांडी स्वतःहून थोडी फिरते, त्यामुळे खाच थोडी आधी धरून घालायची, आत गेल्यावर ती जागेवर येते. पहिल्या झटक्यात बसेलच असं नाही, परत काढायचा, परत घालायचा, घाई नको. आणि पंप लावायच्या आधी त्याच्यात ऑइल भरून घ्यायचं, कोरडा पंप लावला तर ऑइल उचलायला वेळ घेतो आणि तेवढ्यात बेअरिंगचं नुकसान.

वायरी मूळच्या टॉवरवर, घड्याळाच्या उलट १-३-४-२. आपल्याकडे फिरण्याची दिशा न बघता वायरी लावणारे पुष्कळ आहेत, दिशा उलटी धरली तर एक आणि चार बरोबर राहतात पण दोन आणि तीनची अदलाबदल होते, मग त्या दोन सिलिंडरमध्ये इनटेक उघडायच्या वेळेला स्पार्क पडतो आणि गाडी वरून नुसते फटके मारते. शिवाय तीन आणि चारच्या वायरी एकमेकींना चिकटवून बांधायच्या नाहीत, कारण तीननंतर लगेच चारचा नंबर, तीनचा स्पार्क चारच्या वायरीत उतरू शकतो. रात्री मळ्यातले दिवे बंद करून बॉनेट उघडून इंजिन चालू केलं, वायरींवर कुठे निळं चमकतंय का बघायला. नव्या वायरी चांगल्या होत्या, काही दिसलं नाही.

पॉइंटचा गॅप टायमिंगच्या आधी लावायचा, नंतर नाही, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंगही आधी येतं. गॅप किती, ते डेल्को कोणता त्यावर. मूळचा ऑटोलाइट असेल तर ०.०२० इंच, लुकासचा असेल तर ०.०१५ च्या आसपास. मामांच्या गाडीत लुकासचा होता. प्लगचा गॅप ०.०३० इंच. कंडेन्सर मीटरवर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास आला, ठीक. रोटर हाताने फिरण्याच्या दिशेने ढकलून सोडला तर स्प्रिंगने पटकन मागे यायला पाहिजे, इथे तो आळसत येत होता, खालची वजनं (वेग वाढला की स्पार्क आधी आणणारी) वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलेली, साफ केली, ऑइलचे दोन थेंब सोडले.

टायमिंग लाइटशिवायही हे लावता येतं आणि मला तीच पद्धत आवडते. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, एक टोक डेल्कोच्या टर्मिनलला, एक बॉडीला, चावी चालू. पॉइंट बंद असतात तोवर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. क्रँक ५ अंशाच्या खुणेवर ठेवून डेल्को हळूहळू फिरवायचा, रोटरच्या उलट दिशेने, बल्ब पेटतो त्या क्षणाला बोल्ट आवळायचा. नंतर लाइट लावून बघितलं, ५ अंशावर. व्हॅक्यूम गेज (इनटेकमधली ओढ मोजणारा) लावला होता, आधी तो खाली बसून तालात थरथरत होता, आता १९ इंचावर, काटा जवळजवळ स्थिर. आमच्याकडे समुद्रसपाटीपासून उंची दोनशे-सव्वादोनशे मीटर, त्यामुळे उंचीची वजावट फारशी करावी लागत नाही, हा आकडा चांगला आहे.

थर्मोस्टॅट परत लावला. कार्बोरेटर जो नवा बसवलेला होता तोच ठेवला, आयडलचा स्क्रू मात्र थोडा रिचकडे, नव्या पेट्रोलसाठी. मेन जेट मोठा करायचा का ते प्लगचा रंग बघून ठरवणार, आता तरी पांढरट नाही, फिकट तपकिरी आहे.

दुपारच्या उन्हात, मुद्दाम, गाडी पालला नेली, मागे चार माणसं आणि पाण्याचे ड्रम. मामा स्वतः चालवत होते. चढावर वरून एकही फटका नाही, तापमानाचा काटा मधे, आणि मामा गिअर न बदलता वळणं घेत होते तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून बरं वाटलं. उतरताना मात्र पाय सोडल्यावर मागून बारीक फट् फट् राहिलं, धाडकन नाही पण आहे. ते टायमिंगचं नव्हतं. घरी आल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पाइपच्या जोडाला बघितलं, एका बाजूला काजळीचा काळा पंखा उमटलेला, तिथून पाय सोडला की हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल पेटतं. पॅकिंग बदलली, फ्लँज कानसने सरळ केला, ते गेलं.

एक काम बाकी आहे. डेल्कोच्या शाफ्टचं बुश झिजलंय. शाफ्ट बोटाने बाजूला ढकलला की पॉइंटचा गॅप बदलतो, आणि लाइटमध्ये खूण एका जागी न राहता तीन-चार अंशात नाचते. गाडी त्याच्यावर चालते, घाट चढते, पण एक सिलिंडर थोडा आधी एक थोडा नंतर असं होतंय. जळगावला लेथवाल्याकडे गनमेटलचं बुश करून घ्यायला टाकलंय, आतला व्यास शाफ्टवरून मोजून दिलाय आणि शाफ्टच झिजलेला निघाला तर तोही घासून घ्यावा लागेल. तोपर्यंत मामांना सांगितलंय की डेल्कोच्या बाजूला ऑइल द्यायची छोटी वाटी आहे तिच्यात अधूनमधून थेंब सोडत जा, आणि पंपाला किंवा टॅपेटला हात लावायचा म्हटलं कोणी तर आधी मला फोन करा.